पांढरीवरच्या पेवकरणी

माझी सासू हट्टी होती. लोक म्हणतात, सगळ्याच सासवा हट्टी असतात. तसं नाही हो. इतरांच्या सासवा सुनेशी हट्ट करतात, माझी सासू सरकारशी करायची. हट्ट त्यांचा आणि निस्तरायचं आम्ही, त्यामुळे माझं डोकं फिरायचं ते वेगळंच.

नाव मरियाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. राहुरीहून मुळा नदीच्या काठाकाठानं बैलगाडी हाकली तर अर्ध्या दिवसात आमचं गाव लागायचं. गावाच्या कडेला पांढरीचं टेकाड आणि त्याच्या पायथ्याशी आमची ख्रिस्ती वाडी, म्हणजे शेतकऱ्यांची मोजकी घरं आणि पत्र्याचं एक देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती, आणि ही गोष्ट लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षाची.

आता पांढरी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुनं गाव जिथं वसलं आणि मोडलं, त्या जागेची ती पांढरट, घट्ट माती. पिकाला काळी माती चांगली, पण काळीत खड्डा करून काही ठेवायची सोय नाही. पावसात ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पांढरीवरून पाणी निथळून जातं, माती कोरडी राहते आणि ढासळत नाही. म्हणून गावानं धान्याची पेवं पहिल्यापासून पांढरीतच खोदली. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आणि आत रांजणासारखा पोटाळ खड्डा.

पण माणसाच्याही आधी ही जागा एका कोळ्यानं हेरली होती. घरात जाळं विणतो तो कोळी नव्हे, हा जमिनीत राहतो. पांढरीच्या उतारावर गवताच्या बुडाशी नीट बघितलं तर चवलीच्या नाण्याएवढं गोल झाकण दिसतं. दिसतं कसलं, कुणी दाखवल्याशिवाय दिसतच नाही. वरून तीच माती, तेच वाळकं शेवाळ, त्याच काड्या. दाराला बिजागरी असावी तसं ते एका बाजूनं चिकटलेलं असतं. खाली वीतभर बीळ, आतून पांढऱ्या मऊ अस्तराचं, आणि तळाशी काळपट, चकचकीत, जाड पायांची कोळीण. जन्मभर त्या एका बिळाला धरून राहते ती मादीच. नर पावसाळ्यात बायको शोधत हिंडतात आणि कुठंतरी मरून जातात. संध्याकाळी झाकण जरासं वर होतं, पायांची टोकं बाहेर येतात, आणि जवळून मुंगळा नाहीतर रातकिडा गेला की गेलाच तो. पिल्लंही सुरुवातीला आईच्याच बिळात असतात. आमच्याकडं तिला पेवकरीण म्हणत.

आत्याबाईंना ह्या पेवकरणींचं भारी कौतुक. बाकी कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, माझ्या भाकरीचं तर कधीच केलं नाही. त्यांचे मालक मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले तेव्हा माझा नवरा सत्यवान रांगत होता. नगरहून मिशनच्या एक मडम आल्या. म्हणाल्या, आमच्याकडं विधवांसाठी घर आहे, तिथं राहा, शिवण शीक, पोराला शाळेत घालू. शेताचं काय, असं आत्याबाईंनी विचारलं. मडम म्हणाल्या, विकून टाक. आत्याबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं, वेशीपर्यंत पोचवलं, आणि पेरणीच्या दिवशी बी पेरायची पाभर स्वतः धरली. बाईनं पाभर धरायची नाही असा रिवाज. अख्खं गाव बांधावर बघायला जमलं. पडले तर हसा, म्हणाल्या. पडल्या नाहीत, आणि लोक चुळबुळ करत घरी गेले.

तर सरकारशी केलेल्या हट्टाचं सांगत होते. लढाईपासून सरकारनं धान्याची लेव्ही लावली होती. पिकातला ठरलेला हिस्सा सरकारात घालायचा, त्यातून शहरातल्या लोकांना रेशन मिळायचं. त्याला आमची ना नव्हती. दुसरा उपाशी असताना धान्य दाबून बसणारी माणसं आम्ही नव्हतो. पण आमच्या भागात लेव्हीला जो कारकून यायचा, त्याचं नाव मी घेत नाही, घेतलं तर दिवसभर तोंड कडू राहील. बियाणाला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, पण ह्याला वरच्यांपुढं आपला आकडा फुगवून दाखवायचा होता. त्यानं हिस्सा नेला आणि वर कणगीतलं बीही नेलं. पेरायला रेशनवरची ज्वारी घ्या, म्हणाला. ती लाल, परदेशातून आलेली. आम्ही गरिबासारखी तीच पेरली. कंबरेएवढी वाढली आणि कणसात दाणाच भरला नाही. पुढचा उन्हाळा वाडीनं हुलग्याच्या माडग्यावर काढला.

आमच्या शाळूचं, म्हणजे रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीचं, एकच गाडगं वाचलं होतं, आत्याबाईंनी चुलीमागं राखेत पुरलेलं. तेवढं बी त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात पेरलं, दिवसभर गोफण घेऊन पाखरं राखली, आणि त्यातून साऱ्या वाडीला पेरायला पुरेल एवढं बी झालं. पोटात कावळे ओरडत होते, तरी त्यातला एक दाणा कुणी जात्यात घातला नाही. ते गेलं असतं तर आमच्या वाडीत शाळू पुन्हा उगवला नसता. म्हणून आत्याबाईंनी ठरवलं, बी पेवात ठेवायचं.

बी पेवात मोकळं ओतत नाहीत, उबेनं मरतं. राख मिसळून मडक्यांत भरलं, तोंडं लिंपली आणि मडकी खाली उतरवली. हे सगळं चैत्रातल्या भर दुपारी. रात्री कुत्री भुंकतात आणि गाव जागं होतं, दुपारी उन्हानं माणसं घरात आणि कुत्री ओट्याखाली. आमच्या घरात पेवाचं तोंड उघडायचा आणि झाकायचा मान घरधनिणीचा. सुनेनं नुसतं टोपलं धरायचं. मी धरलं.

बाकीचे लोक पेव झाकतात ते वर माती ओढून आणि शेणकाला करून. सारवण वाळलं की त्याला तडे जातात आणि लांबून ओळखू येतं. आत्याबाईंची रीत निराळी. त्यांनी पेवाच्या तोंडावरची जमीन आधीच खुरप्यानं चौकोनी कापून, हातभर जाडीच्या ढेकळांनी उचलून, ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवली होती. वरचं गवत तसंच, शेवाळ तसंच आणि पेवकरणींची बिळंही तशीच, झाकणांसकट. मडकी आत गेल्यावर तोंडावर शिळा सरकवली, मातीनं सांधली, आणि ती ढेकळं जिथली तिथं, ज्या कडेची त्या कडेला बसवली. फटींत चाळलेली माती भरून पाणी शिंपडलं. ढेकूळ उचलताना माझी कंबर मोडायची वेळ आली. मी वैतागून म्हणाले, चार किडे मेले तर काय बिघडतं. त्या म्हणाल्या, "ती हितं माझ्या आदीपासून हाय. घर तिचं, आपन पाव्हनं." वळवाचा एक पाऊस झाला आणि मला स्वतःला तिथं कापल्याची रेघ सापडेना.

एवढं सगळं केलं आणि मग आम्ही काय केलं, ऐका. आमच्या वाडीत रिवाज होता, पेरणीच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरच्या बाईनं मूठभर बी देवळात न्यायचं. पुढं मेजावर परात असते, तिच्यात मूठ सोडायची, प्रार्थना व्हायची, आणि मग ते बी सगळ्यात आधी शेतात पडायचं. मोझेस गुरुजी आमचे उपदेशक. ते आत्याबाईंना हळूच म्हणाले, ह्या साली मूठ राहू द्या, वाडीत दाणा नाही असं सरकारात नोंदलंय. आत्याबाई म्हणाल्या, कारकुनाच्या भ्यानं देवाची मूठ बंद करायची असेल तर देऊळच बंद करा. मुठीपुरतं बी त्यांनी वर ठेवलंच होतं. ते घरोघर वाटलं, आणि रविवारी परातीत मोत्यासारख्या शाळूची रास पडली. देवळाची दारं सताड उघडी. समोरच्या रस्त्यानं चावडीवरचा शिपाई सायकलवरून चालला होता, तो पाय टेकवून थांबला आणि बघत राहिला. मी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी सकाळी कारकून हजर. बरोबर माणसं, कुदळी आणि लोखंडी सळई. पेव शोधायची त्यांची रीत अशी, जमिनीत सळई ठोकायची, भसकन आत गेली की खाली पोकळी. सळई ठोकायला गावातलाच छगन धरून आणलेला, पाटलाकडचा सालगडी. वाडी टेकाडाखाली उभी राहिली. कारकुनानं आत्याबाईंना पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मरियाबाई, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात. ह्या पांढरीवर तुमचं पेव आहे का नाही?"

मला वाटलं, आता तरी बाई एकदा खोटं बोलेल. एकच शब्द बोलायचा होता.

"हाय," आत्याबाई म्हणाल्या. "साऱ्या वाडीचं बी हाय त्यात. कुठं हाय ते सांगनार न्हाई. तुमच्याकडं सळई हाय, मानसं हायेत. शोधा, भाऊसाहेब."

एवढं बोलून त्या बाभळीखाली जाऊन बसल्या आणि लसूण सोलायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, चोराच्या हातात दिवा द्यायचा आणि म्हणायचं, शोध. पण वाडीतली माणसं मात्र ताठ झाली, हे मी बघितलं. सकाळपासून खाली मान घालून उभी होती, ती माना वर करून बघायला लागली.

छगननं सळई ठोकायला सुरुवात केली. पांढरीवर जुनी, पडकी पेवं पुष्कळ. सळई भसकन गेली की कारकून ओरडायचा, खोदा. उन्हात घाम गाळून खोदायचं आणि निघायचं काय, तर कुजका कोंडा, नाहीतर सापाची कात. एकात घोरपड निघाली. ती कारकुनाच्या धोतराजवळून अशी पळाली की बाया पदरात तोंड घालून हसल्या. दुपारपर्यंत टेकाड उकिरड्यासारखं उकरून झालं, आणि मंडळी सरकत सरकत आमच्या उतारावर आली.

तिथं कारकुनाला एक झाकण दिसलं. एवढा वेळ खाली बघून त्याची नजर बसली असावी. वाकून त्यानं खिशातला टाक काढला आणि नीब फटीत घालून झाकण उचलायला गेला. झाकण वर येईना. आतून पेवकरीण ओढून धरते, पाय भिंतीला रोवून. हा एवढा दांडगा माणूस, ती बोराएवढी. त्यानं जोर केला, झाकण फाटलं, आणि ती सरळ नीबेवर चालून आली. टाक टाकून तो मागं बसला तो शेणातच. मग त्याला राग आला. म्हणाला, राकेल आणा, सगळ्या बिळांत ओता. आत्याबाई बाभळीखालून बोलल्या, दिव्याला राकेल मिळंना झालंय, आणि भाऊसाहेब कोळ्याला पाजायला निघाले. लोक मोठ्यानं हसले. राकेल काही आलं नाही.

त्यानं छगनला तिथंच सळई ठोकायला सांगितली.  छगननं सळई ठोकली, ती हातभर जाऊन खणकन वाजली. खाली आमची शिळा होती. छगननं सळई उपसली, टोक बघितलं, मग त्या फाटक्या झाकणाकडं बघितलं. म्हणाला, "खाली खडक हाय, भाऊसाहेब. आनि हिचं दार असलं तिथं वरीसवरीस कुदळ लागल्याली नसती." त्याला पेव ठाऊक होतं, का त्याला खरंच तसं वाटलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पेव सापडलं नाही तेव्हा कारकुनानं माणूस धरला. सत्यवानला चावडीत नेऊन बसवलं. आईनं जागा दाखवली की सोडतो, नाहीतर उद्या तालुक्याला नेतो, म्हणाला. आत्याबाईंनी लसणाची चटणी वाटली, भाकरीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, देऊन ये. मी दिली. परत आले आणि चुलीपुढं बसून रडले, आणि रडत रडत भांडले. म्हणाले, तुमचा हट्ट आणि माझा नवरा. दाखवून टाका ते मेलं बी. जगलो तर पुन्हा कुठूनही आणू.

 आत्याबाई उठल्या आणि मनगट धरून मला पांढरीवर घेऊन गेल्या. दिवस मावळायला आला होता. एका झाकणाशी बसवलं, हातात बाभळीचा काटा दिला आणि म्हणाल्या, उघड. मी उचकटायला गेले. आतून ओढ लागली. एवढ्याशा जिवाची ओढ माझ्या बोटांना कळत होती. मी काटा टाकून दिला.

"मी आज सांगितलं तर सत्यवान आज घरी यील," आत्याबाई म्हणाल्या. "पुढल्या साली त्योच मानूस पुन्ना यील. तवा काय काढून देऊ? तुला?"

 तोवर मला वाटायचं, ह्या बाईला पोराचं काही वाटत नाही. त्या रडत होत्या हो. मी सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांना रडताना बघत होते. तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिले.

सकाळी चावडीवरून बोलावणं आलं, पण आत्याबाईंना नव्हे, मला. कारकून आता गोड बोलत होता. म्हातारी हट्टी आहे, म्हणाला, तू शहाणी आहेस, नवी आहेस, तुला संसार करायचाय. जागा दाखव, नवऱ्याला आत्ता घेऊन जा. सत्यवान भिंतीशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही, मला मोकळीक राहावी म्हणून. बाहेर ढग भरून आले होते, हस्त लागला होता. वाडीतली माणसं चावडीपुढं गोळा झाली होती आणि आत्याबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या.

 मी पाय जमिनीला रोवले.

"हाय पेव, भाऊसाहेब," मी म्हणाले. "मला ठावं हाय कुठं हाय ते. ह्या हातांनी झाकलंय मी. ह्यांना तालुक्याला न्या, मलाबी न्या, गाडीत जागा आसंल तर माझ्या सासूलाबी घ्या. पन बी गावनार न्हाई."

 मग वाडीतला एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, मलापण बसवा चावडीत. त्याच्यामागं दुसरा आला, त्याच्यामागं मोझेस गुरुजी, आणि मग बायाही पायऱ्या चढायला लागल्या. चावडी ती केवढी, मावायला तर पाहिजेत माणसं. कारकुनानं शिपायाकडं बघितलं. पेव सापडल्याशिवाय पंचनामा तरी कशाचा करणार होता? तेवढ्यात गडगडलं, आणि त्याचा गाडीवान म्हणाला, मुळेला पाणी यायच्या आत निघायचं तर आत्ताच निघा, नाहीतर इथंच मुक्काम. एक रात्र शिदोरीवर निघाली होती, पुढचा मुक्काम म्हणजे आमच्या हातचं जेवण, आणि तेवढी छाती त्याला नव्हती. तो निघाला. जाताना दटावून गेला, पुन्हा येईन म्हणाला. या की, आत्याबाई म्हणाल्या, पेव हितंच हाय.

पुन्हा तो आला नाही. दुसरा आला, तो हिस्सा घेऊन गेला आणि बियाला त्यानं हात लावला नाही.

हस्ताचा पाऊस दोन दिवस पडला आणि उघडला. पेरणीपुरता वाफसा आला, तेव्हा आम्ही भर दुपारी पांढरीवर गेलो. ज्या पेवकरणीचं झाकण फाटलं होतं, तिनं नवं लावलं होतं. माती अजून ओलसर, शेवाळ चिकटायचं होतं, म्हणून ते तेवढं ओळखू आलं. मी नेहमीसारखं टोपलं घेऊन कडेला उभी राहिले.

आत्याबाईंनी कमरेचं खुरपं काढलं, माझ्याकडं बघितलं, आणि ते माझ्यापुढं धरलं. "हळू काप," म्हणाल्या. "तिचं दार नवं हाय."

मी खाली बसले आणि कापायला लागले. त्या दिवशी टोपलं आत्याबाईंनी धरलं.